परिचय मेळाव्याचा सर्वर

१ डिसेंबर, सोमवार
समाजाच्या परिचय मेळाव्याची वेबसाइट आजही दुपारी बसली. सर्वरची मेमरी भरत जाते, रिकामी होतच नाही. याला मेमरी लीक म्हणतात. मेळावा चौदाला. स्वानंद सर म्हणाले, तोवर जो दुरुस्त करेल तो टीम लीड. म्हणजे मीच. टीममध्ये माझ्याशिवाय फक्त सोनिका, आणि ती नवीन आहे. सर्वर रीस्टार्ट केला. चालू झाला. अर्धं काम झालं.

त्याच साइटवर माझाही बायोडाटा आहे. आईने टाकायला लावला. सगळ्यात जास्त उघडला जाणारा प्रोफाइल माझाच. वय चौतीस, पण मागणी आहे.

३ डिसेंबर, बुधवार
सोनिका म्हणाली, सर, हीप डम्प काढून पाहू का? म्हणजे मेमरीत काय काय साठलंय त्याचा पंचनामा. अनुभवी माणसाला पंचनामा लागत नाही, असं तिला सांगितलं. दोष जावाच्या जुन्या व्हर्जनचा. व्हर्जन बदललं. साइट पुन्हा बसली, तीही दुपारच्या आधीच.

५ डिसेंबर, शुक्रवार
मेमरी दुप्पट करून घेतली. दिवसभर टिकली. सरांना मेल: इश्यू क्लोज्ड.
सायं. ६. बसली. पाठवलेला मेल परत घेता येतो का ते पाहिलं. येत नाही.
व्ह्यूज मात्र वाढताहेत. कन्हानची एक प्रीती आहे, एम.एससी. तीच उघडत असावी. मन सांगतं.

९ डिसेंबर, मंगळवार
विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, उशीर झाला. तोवर सोनिका मला न विचारता डम्प काढत बसलेली. समज दिली. मला तिच्याच कोडचा संशय आहे. माझ्या कोडमध्ये असलं काही नसतं. माझी फोटो-कॅशच घ्या: प्रोफाइल उघडला की फोटो मेमरीत राहतो, पुढच्या वेळी चटकन दिसतो. असं सुचायला डोकं लागतं.
संकल्प: दर दोन तासांनी गुपचूप रीस्टार्ट. याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मंडळाचे सचिव भैय्याजी भाचीचा फॉर्म भरत होते. नेमका तेव्हाच माझा मेंटेनन्स झाला. फॉर्म उडाला. त्यांनी सरांना फोन केला: काहून गा, आमच्या पोरीले कुंवारीच ठेवता काय? सरांनी सगळ्यांसमोर डम्प उघडायला लावला.

मेमरीत एकच फोटो, शेकडो वेळा. माझा. कॅश दर वेळी नवी प्रत ठेवत होती, जुनी काढतच नव्हती. सोनिका हसली नाही, ते जास्त लागलं. मी सरांना म्हटलं, लोकप्रियतेचा लोड आहे, त्याला कोण काय करणार? मग सोनिकाने कोण उघडतं तेही काढलं. एकच मोबाइल नंबर. आईचा.

१४ डिसेंबर, रविवार
मेळावा झाला. सर्वर एकदाही बसला नाही. सोनिकाने माझ्या थोड्या ओळी काढून टाकल्या होत्या, बस. सरांनी स्टेजवरून तिचं नाव घेतलं.

घरी आईला विचारलं, दिवसभर काहून उघडून राहिली होती वं? म्हणाली, तू रोज घरी आला का पहिले तो आकडाच पाहतं. कमी दिसला का जेवत नाही. मले दुसरं काय करता येते बाप्पा?
आता नको उघडू, सर्वरले त्रास होते, असं सांगितलं. बरं म्हणाली.

१५ डिसेंबर, सोमवार
नवीन टीम लीडचं सकाळी अभिनंदन केलं. ती अजून सर म्हणते.
व्ह्यूज: शून्य.
दुपारी आईला फोन केला. सर्वर आता पक्का झाला आहे, अधूनमधून उघडायला हरकत नाही, असं सांगितलं.