आठवड्यातून एकदाच

३ मार्च, मंगळवार
मला आणि ताईला आज एकाच डॉक्टरांनी एकच आजार सांगितला. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोटं सुजतात ती त्यानेच. नवं औषध सुरू. छोट्या पिवळ्या गोळ्या, चार एकदम, पण आठवड्यातून एकदाच. रोज चुकूनही नाही. मधल्या एका दिवशी व्हिटॅमिन. दारू बंद. महिन्याला रक्ततपासणी.
ताई घाबरली. म्हणाली, आधी तू घे, तुला काही झालं नाही तर मी घेईन. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! धाकटा भाऊ असतो कशाला?
वार ठरवला : रविवार.

८ मार्च, रविवार. सकाळी ९
पाण्याचा पेला भरला. आधी पाकिटातलं पत्रक वाचावं म्हटलं. शिकल्यासवरल्या माणसाने वाचावं. मळमळ, तोंड येणे, केस गळणे, लिव्हर. पत्रक टॉवेलएवढं. पाणी प्यायलो. नुसतंच.

११ वा.
ताईचा फोन. घेतल्यास का? म्हटलं, घेतल्या. काही झालं? म्हटलं, काहीसुद्धा नाही. हे मात्र शंभर टक्के खरं.

९ मार्च, सोमवार
ताईने काल दुपारीच घेतल्या. माझ्या शब्दावर. जरा चुटपुट लागली. आज घेऊन टाकाव्यात का? पण वार रविवार ठरलाय. औषधात शिस्त हवी. आता थेट पुढचा रविवार.

११ मार्च, बुधवार
व्हिटॅमिनची गोळी घेतली. वेळेवर. म्हणजे निम्मे उपचार सुरू झाले.

१५ मार्च, रविवार
जुना मित्र रिटायर झाला. पार्टी. डॉक्टरांनी बजावलंय, या गोळ्या आणि दारू एकत्र नको. म्हणून गोळ्या घेतल्या नाहीत. डॉक्टरांचा शब्द मोडणं आपल्या स्वभावात नाही.

१७ मार्च, मंगळवार
ताईला परवापासून मळमळतंय. फोनवर रडवेली. म्हणाली, बंदच करते. मी म्हटलं, अगं मलाही होतं, दोन दिवसांत जातं. काल तर मला उभं राहवत नव्हतं. (कालचं खरं आहे. पार्टी.) ती म्हणाली, तू सोसतोयस ना, मग मीही सोसेन.
जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, औषधाचा परिणाम.
लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही.

२२ मार्च, रविवार
रविवार हा वारच चुकीचा. सुट्टीच्या दिवशी माणूस ढिला पडतो. आता बुधवार.

२५ मार्च, बुधवार
दुकानात गर्दी. चष्म्याच्या काडीचा स्क्रू तीनदा हातातून निसटला. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, काका, द्या इकडे, मी लावतो. लावलाही. हल्ली स्क्रूच फार बारीक यायला लागलेत. गडबडीत गोळ्या राहिल्या.

७ एप्रिल, मंगळवार
रक्ताचा रिपोर्ट. लिव्हर उत्तम! डॉक्टर म्हणाले, औषध तुम्हाला छान सोसतंय. मान ताठ झाली. मग बोटं दाबून बघितली. म्हणाले, सूज जैसे थे, डोस वाढवू या. मी मान हलवली.
ताईला सांगितलं, माझा रिपोर्ट तुझ्यापेक्षा चांगला. ती मनापासून खूश झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ एप्रिल, मंगळवार
ताईने आज स्वतःची वेणी स्वतः घातली. सात महिन्यांनी. सांगताना रडली. म्हणाली, तू होतास म्हणून. मी आज दुकानाचं शटर उचलायला शेजारच्या शिंप्याला हाक मारली होती. ते बोललो नाही.
रविवारी गोळ्या. पुन्हा रविवारच. शपथ.

२६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६
नुसतं तोंडात टाकायचंच बाकी होतं, तेवढ्यात ताई दारात. आज तिच्या गोळ्यांचा वार आणि पाकीट राहिलंय मुलीच्या घरी. मेडिकल बंद. म्हणाली, तुझ्यातल्या चार दे, उद्या आणून देते.
माझ्या संपल्या, हे वाक्य ओठांवर आलं होतं. पण मग तिचा डोस चुकला असता. खण उघडला. एकही गोळी न काढलेली पाकिटं. ताईने एकेक उलटून बघितलं.
सगळं सांगितलं. पत्रकापासून. वाटलं, आता काही धडगत नाही. ती एवढंच म्हणाली, म्हणजे तुला मळमळलंच नाही कधी? म्हटलं, नाही. म्हणाली, सुटले बाई. तुला आधी मीच घ्यायला लावल्या, माझ्यामुळे तुला त्रास होतोय म्हणून रोज जिवाला घोर होता.
त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

साडेसहा
ताईने तिच्या चार घेतल्या. आता समोरच्या खुर्चीत बसली आहे. म्हणते, तुझं लिहून झालं की डॉक्टरांना फोन लाव, खरं काय ते सांग, तोवर मी इथून हलत नाही.
बोटं ठणकताहेत. तरी लिहितोय अजून.