खांबाजवळची उडी

आई, तुझा तो मोडका गुडघा अजून पळतोय. हसू नकोस, खरंच सांगतेय. पोंगलच्या सुट्टीत मी तुझ्या त्या गावाला जाऊन आले, आणि तेव्हापासून चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी उभी राहिले की तुझ्याशीच बोलत असते. "कुणाशी बोलतेस गं?" असं लेक तमिळमध्ये विचारते, मी मराठीत "कुणाशी नाही" म्हणते, आणि दोघी आपापल्या कामाला लागतो. शेवटी म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की हे पत्र पाठवायचा प्रश्नच येत नाही, आणि त्यामुळेच बहुतेक लिहायचा धीर झालाय. नाहीतर तू मधेच "अक्षर सुधार आधी" म्हणाली असतीस.

बाबांना श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आपण सांगलीकडून उठून थेट त्या गावात भाड्याच्या घरात आलो, ते दिवस मला आठवतात. तुला तमिळचा गंध नव्हता. बाबा कंपनीच्या बसने जायचे, मी शाळेत, आणि तू दिवसभर पायरीवर. समोर तळ्याचा कोरडा काठ, तिथे शेळ्या राखणाऱ्या पोरी बसलेल्या. किती दिवस तू त्यांच्याकडे आणि त्या तुझ्याकडे नुसत्या बघत होतात! मग एका दुपारी तू पदर खोचलास, पायात चप्पल न घालता तरातरा तिकडे गेलीस आणि त्यांना दंडाला धरून एका ओळीत बसवलंस. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. मी शाळेतून आले तेव्हा तू पहिलीच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणून ओरडत होतीस आणि ती बिचारी घाबरून रडायच्या बेतात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेळ्या कुणाच्या कुणाच्या शेतात शिरल्या होत्या ते वेगळंच.

आठवड्याभरात दोन खांब आले, सुरूच्या लाकडाचे. झोपड्या बांधणाऱ्या माणसाला हातवारे करून तू काय सांगितलंस कुणास ठाऊक, पण त्याने ते स्वतः आणून पुरले. मग गावातले मोठे लोक आले. वयात आलेल्या पोरी अशा पळतात, बरं दिसतं का, असं त्यांचं म्हणणं. तुला शब्द सापडत नव्हते, पण हात कमरेवर होते. "पोरी बसल्या तर तळं भरतं का?" असं काहीतरी तू मोडक्या तमिळमध्ये विचारलंस. ते इतके चक्रावले की परत गेले. पोरींना पँट घालायला घरचे देईनात, तर तू त्यांच्या परकरांना मागून काष्टा घालायला शिकवलंस. तमिळ पोरी सांगलीचा काष्टा मारून धावताहेत! आणि संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात त्याच पोरी डोशाबरोबर तुझी शेंगदाण्याची चटणी खाताहेत, तू ओरडतेयस, "अगं, भाकरीबरोबर खायची असते ती!" त्या हसताहेत, पुन्हा डोसाच घेताहेत.

या सगळ्यात तुझा गुडघा. लग्नाआधी खो-खोत खांबाला सूर मारताना मोडलेला, हाडवैद्याने कसाबसा बांधलेला, आणि मग आयुष्यभर न वाकलेला. पाठलाग करणारीला दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावाच लागतो, आणि वळताना तुझा उजवा पाय साथ द्यायचा नाही. म्हणून खांबाशी आलीस की तू डाव्या पायावर एक छोटी उडी घ्यायचीस, उजवा पाय ताठ बाजूला टाकायचीस, आणि गर्रकन वळायचीस. मी तुला चालताना बघितलं, जिना चढताना बघितलं, पण ती उडी माझ्या लक्षातही नव्हती. तुझी गाणी, तुझी बोलणी, तुझ्या हाताचा वास, सगळं जपून ठेवलं होतं मी. उडी मात्र साफ विसरले होते.

तू गेल्यावर संघ मोडेल असं आम्हाला वाटलं होतं. तू पाठीत थाप मारून घाबरवलेली ती पहिली पोरगी, आता तिला सगळं गाव अक्का म्हणतं, तिने तो मोडू दिला नाही. तुझा नियमही तसाच ठेवला: गावातल्या पोरीच खेळणार, बाहेरून कुणी आणायची नाही, मग हरलो तरी चालेल. वर्षानुवर्षं हरलेही, आई. मग हळूहळू आसपासच्या गावांना हरवायला लागले. सुना होऊन गावात आलेल्याही खेळतात. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मात्र पोंगलच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळे एकमेकांच्या भेटीला जातात, तेव्हा माहेरी येतात आणि तळ्याकाठी ओळीत बसतात. मला दरवर्षी बोलावणं असायचं. मी दरवर्षी काहीतरी कारण काढायचे. यंदा अक्काचा फोन आला, "पाप्पा, तू आलीच पाहिजेस. अम्माबद्दल एक गोष्ट विचारायची आहे, ती तुलाच माहीत असणार." पोराबाळांची आई झाले तरी तिथे मी पाप्पाच, म्हणजे आपल्याकडची छकुली.

गेले. ओळीत बसलेल्या बायकांमध्ये काही माझ्या वयाच्या, काही माझ्या लेकीच्या. जरीच्या साड्यांचे काष्टे मारलेले, केसांत मोगरा. शिट्टी झाली, एक चांगली जाडजूड बाई उठली, धावली, खांबाशी आली, आणि डाव्या पायावर उडी घेऊन, उजवा पाय ताठ टाकून, गर्रकन वळली. तिने खो दिला, दुसरी उठली. ती शिडशिडीत, पण खांबाशी तीच उडी. मग तिसरी, मग एक परकरातली पोर, मग एक केस पिकलेली. अगं, सगळ्याजणी! एकापाठोपाठ एक, जी ती खांबाशी आली की तू व्हायची आणि पुढे गेली की पुन्हा स्वतः. फोटोत तू आहेस, पण फोटोत कुणी चालत नाही. तिथे तू पळत होतीस. मी तोंडावर पदर धरला.

मग विषय निघाला. गावात एक नवे सर आलेत, कॉलेजात शिकलेले, तरुण, समजूतदार. फुकट शिकवतात. त्यांनी मला अगदी नम्रपणे सांगितलं की या उडीत वेळ जातो आणि गुडघ्यावर ताण येतो. संघात एक पोरगी आहे, अक्काच्या भावाची मुलगी, वाऱ्यासारखी पळते. चेन्नईला तिची निवड चाचणी व्हायची होती. निवडली गेली तर हॉस्टेल, शिक्षण, सगळं. पण उडी घेतली तर नापास होणार, हे सरांचं म्हणणं. आणि पोरगी म्हणत होती, अम्माची उडी सोडणार नाही. अख्खं गाव दोन बाजूंत विभागलेलं. अक्का मला म्हणाली, "तू तिची मुलगी. सांग, ही उडी अम्माची विद्या होती की नाही?"

काय सांगू मी? खरं सांगावं तर तुझी उडी संपली. खोटं सांगावं तर त्या पोरीचं नुकसान. पोरगी समोर उभी, घामाने निथळलेली, माझ्या तोंडाकडे बघतेय, जणू तूच बोलणार आहेस. मी सांगितलं, आई. सांगितलं की विद्या वगैरे काही नव्हतं, तिचा गुडघा मोडका होता, वळता यायचं नाही म्हणून ती तशी वळायची.

अक्का हसायला लागली. तिच्याबरोबरच्या पहिल्या पिढीच्या बायकाही हसायला लागल्या. "पाप्पा, आम्हाला काय डोळे नव्हते?" ती म्हणाली. "अम्माचा पाय वाकत नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं. ती आम्हाला पळून दाखवायची, आम्ही मागून सरळ पळायचो. खांबाशी ती अडकायची आणि आम्ही तिच्या पुढे जायचो. मग वळून बघावं तर शिकवणारी एकटीच मागे. कसंतरीच व्हायचं गं. मग आम्हीही उडी घ्यायला लागलो, ती मागे पडू नये म्हणून. कुणी ठरवलं नव्हतं. नंतरच्या पोरींना वाटलं, खेळ असाच असतो."

शेळ्या राखणाऱ्या पोरी, ज्यांच्याशी तुला धड दोन वाक्यं बोलता येत नव्हती! मी विचारलं, "आईला हे कळलं होतं?"

"कळलं म्हणजे काय! केवढी चिडायची! 'गुडघे वाकवा गं गाढवांनो!' असं रोज ओरडायची, तुमच्या भाषेत. नुसत्या रागावरून अर्थ कळायचा. बाकी अम्माचं सगळं ऐकलं. तेवढं एकच नाही ऐकलं." मग अक्काने त्या पोरीचा खांदा धरला आणि म्हणाली, "आम्ही नाही ऐकलं. जा, तू तरी ऐक तिचं." पोरगी रडत होती, पण तिने मान हलवली.

चाचणी चेन्नईतच होती. मी माझ्या बँकेच्या मैलापूर शाखेतून अर्धी रजा टाकून गेले. अक्का पहाटेच्या बसने आली होती, डब्यात डोसे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोरगी पळाली, काय पळाली म्हणून सांगू! खांबाशी यायची, गुडघा वाकवायची आणि पाण्यासारखी वळायची. बघणारे "अबब" म्हणत होते. नाव पुकारलं तेव्हा अक्काने मला मिठी मारली. मीही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तू घसा फोडून जे सांगत होतीस, ते शेवटी कुणीतरी ऐकलं. चांगलं झालं, आई, मनापासून म्हणते, चांगलंच झालं. पण तुला म्हणून सांगते, अक्कालाही नाही सांगितलं: ती खांबाजवळ आली की दर वेळी मी श्वास धरून मनात म्हणत होते, घे गं उडी, एकदाच घे.