गणपतीच्या स्टिकरखालचा दिवा

आशुतोष,

गाडीची किल्ली शोधू नकोस, माझ्याकडे आहे. संहिताला घेऊन मी ट्रेनने एनस्खेडेला अश्लेषाताईकडे निघाले आहे.

सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं होतं. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर साध्या तेलावर धावलेलं इंजिन. गॅरेजवाला माझ्यासमोर म्हणाला होता, सील झिजलेत, जाड साधं तेलच घाला, पातळ सिंथेटिक गळेल. तू व्हिडिओ बघून सिंथेटिकच ओतलंस. ठीक आहे, चूक होते माणसाची.

पण मीटरच्या काचेवरचा गणपतीचा स्टिकर मी सोलला आणि गाडी सुरू केली. त्याच्याखाली तेल कमी झाल्याचा लाल दिवा पेटलेला, विझेचना. लगेच बंद करून तेल मोजायची पट्टी काढली तर कोरडी.

आईंनी पाठवलेला देव तू त्या दिव्यावर चिकटवलास आणि काल मागे पोरीला बसवून हायवेने आर्नहेमला जाऊन आलास. मधेच इंजिन बंद पडलं असतं, तर मागचा ट्रक देव बघून थांबला नसता.

गाडी उचलून न्यायला सांग. आम्ही रविवारी येऊ. तोवर या घरात आणखी कशाकशावर देव चिकटवलेत, ते आठवून ठेव.

मीनल