सात आट्यांची टाकी

५ मे, शेंद्रा

नाशिकहून आलो आणि पहिल्याच दिवशी नोकरी आवडली. श्रीधर सरांचं वर्कशॉप लहान, पण झकास. विहिरीत, धरणात बुडालेल्यांना शोधणाऱ्या पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या इथं भरतात. कुठल्या टाकीला कुठला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारा भाग, जोडायचा, हे ठरवणं माझं काम. दोनशे बार दाबाच्या टाकीला वरून आवळायचा क्लॅम्प चालतो. तीनशेच्या टाकीला मात्र सात आट्यांचा, आत फिरवून बसवायचाच हवा. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, एवढीच कुरकुर. पाण्याच्या धंद्यात पाण्याचाच दुष्काळ!

८ मे

फाटकाशी एक म्हातारी रोज बसते. कडूबाई, देवगाव रंगारीची. तिचा मुलगा पुंडलिक इथलाच पाणबुड्या. फेब्रुवारीत खाणीतल्या पाण्यात गेला. ती म्हणते, त्यानं कमरेची दोरी तीनदा ओढली होती. एकदा ओढली म्हणजे ठीक, तीनदा म्हणजे वर काढा. दोरीचं टोक सरांच्या हातात होतं आणि सर मोबाइलवर बोलत होते. सर म्हणाले, पुंडलिकानं स्वतःच रेग्युलेटर चुकीचा लावला.

१२ मे

कपाटात पुंडलिकाची टाकी सापडली. तीनशे बारची, आणि तोंडात लेथवर कातलेली पितळी रिंग, क्लॅम्प बसावा म्हणून! नवे रेग्युलेटर घ्यायला नकोत, म्हणून सरांनी शेजारच्या लेथवाल्याकडून करून घेतलेली. एवढ्या दाबाला तिच्या कडेनं हवा निसटणारच. तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांना जाब विचारला, तर त्यांनी चौकशीचा कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलेलं: टाकी निर्दोष होती, रेग्युलेटर लावण्यात चूक पाणबुड्याची. सही केली तर नोकरी पक्की.

केली. तेरड्याचा रंग तीन दिवस, माझा संताप तीन मिनिटं.

सरांनी तो कागद फाटकाशी जाऊन कडूबाईला वाचून दाखवला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “लेकरा, पुंडलिक समदं बघायलाय. त्यो कुनालाच सोडायचा नाय.”

१४ मे

माझ्या टेबलाखालची फरशी ओली. नळ कोरडा आहे. टाकी कपाटाबाहेर, खुर्चीला टेकून उभी. तोंडातली रिंग नाही. दिवसभर श्वास ओढल्याचा आवाज येतोय. मी एकटाच होतो.

१५ मे

सर गेले. भर दुपारी, बंद केबिनमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी. केबिनमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. दातांत ती पितळी रिंग—

१६ मे, सकाळ

कागद फाडला. तुकडे पुन्हा जुळले, ओले. खाली सही माझीच.

भीती वाटते. खरं लिहितो. रिंग सरांनी लावली, खोटं मी बोललो. पुंडलिकाची काहीच चूक नव्हती. हे कडूबाईला नेऊन—

१६ मे, दुपार

दार उघडत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत. कमरेला दोरी आहे. मी बांधलेली नाही.

दोरी दाराखालून बाहेर गेलीय. खिडकीतून दिसतं. टोक कडूबाईच्या हातात.

ओढली. एक, दोन, तीन.

तिला कळलं. माझ्याकडे बघतेय.

पाणी छातीशी—

तिनं हातातली दोरी खाली ठेवली.

पुन्हा ओढतो. एक, दोन—