भांडण चालू ठेवा

ता. ३ जून

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नीट ऐकत नाहीस. मध्येच गाडी शिकायला आलेल्या कुणावर तरी ओरडतोस, म्हणून पत्रच लिहिते. तेही सकाळी, कारण दुपारनंतर माझा हात चालत नाही. सकाळी शाळेचे गणवेश भराभर कापते-शिवते आणि दुपारी तीच कात्री उचलवत नाही. संध्याकाळी डावी पापणी आपोआप खाली येते. गणवेशांची ऑर्डर द्यायला आलेल्या हेडमास्तरांना वाटलं, मी डोळा मारला. ते ऑर्डर न देताच गेले.

काल मात्र प्यायलेलं पाणी नाकातून परत आलं आणि मी घाबरले. तुझे भावजी गेल्यापासून घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच, खिडकी उघडी की बंद यावरून रोज वाजतंच. पण काल वन्सं एक शब्द न बोलता मला कॅज्युअल्टीत घेऊन गेल्या. तिथे बाकावर आडवी झाले, डुलकी लागली, आणि नंबर आला तेव्हा मी ठणठणीत! डॉक्टरांनी त्यांची बोटं दाबायला सांगितली. मी जन्मभर कात्री धरलेली बाई, ते कळवळलेच. कसं वाटतंय विचारल्यावर माझ्या तोंडून सवयीने छान असंच निघालं. त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि मन रमवायला सांगितलं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

ता. ८ जून

ती. अक्कास,
शि. सा. न.

तुझा हात चालत नाही हे वाचून लहानपणी पाठीत बसलेले धपाटे आठवले. हा आजार तेव्हाच का नाही गं झाला? चेष्टा राहू दे. नाकातून पाणी आल्याचं वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल एका आजोबांना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. आजोबा बरे आहेत, कुंपण गेलं.

आता मी सांगतो तसं कर. तू दमूनभागून जातेस, म्हणून तुला धड सांगता येत नाही. पुढच्या वेळी आधी भरपूर झोप काढ, चांगले कपडे घाल, ताजीतवानी हो आणि मग डॉक्टरांना सगळं मुद्देसूद सांग. आणि छान आहे म्हणालीस तर बघ!

वन्संना नमस्कार. माझ्यावरचा राग असला तरी लोभ त्याहून थोडा जास्त असू दे.

तुझा,
ठोंब्या

ता. १३ जून

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तुला अक्कल वाटताना देवाने नक्कीच हात आखडता घेतला होता. तू सांगितलंस तसं केलं. झोपले, नटले, मुद्देसूद बोलले. डॉक्टर म्हणाले की इतकी टवटवीत पेशंट त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. पुन्हा घरी!

आता घास घशात अडकतो. चार वाक्यं बोलले की आवाज नाकात जातो. वन्सं म्हणाल्या की घरी आजारी आणि दवाखान्यात बरी, याला नाटक म्हणतात. ते मला फार लागलं. ठोंब्या, मला भीती वाटते रे. हात दमतो तसा एक दिवस श्वासही दमेल, आणि तेव्हाही कुणाचा विश्वास बसणार नाही.

हात थांबला. मायेत अंतर नको.

अक्का

ता. १७ जून

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, म्हणून तुझ्या अक्काची नणंद लिहिते आहे. आधी सांगते, वहिनी आहेत. मग बाकीचं वाच.

परवा त्यांना घास उतरेना, म्हणून पुन्हा कॅज्युअल्टी गाठली. त्या बाकावर आडव्या होणार तोच मी म्हणाले की झोपा, म्हणजे पुन्हा बऱ्या व्हाल आणि पुन्हा माझी शोभा होईल. झालं! खिडकीपासून सुरुवात करून, त्यांच्या लग्नात मी रुसले होते तिथपर्यंत त्यांनी मला धुऊन काढलं. मी आयुष्यभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलं, पण परवा माझाही आवाज चढला. बोलता बोलता वहिनींचा आवाज नाकात गेला, दोन्ही पापण्या खाली आल्या, जबडा लोंबायला लागला. तरी बाई हटेना! एका हाताने हनुवटी सावरून आणि दुसऱ्या हाताने पापणी उचलून मला सुनावतच होत्या.

आम्हाला हाकलायला एक डॉक्टरीणबाई तरातरा आल्या आणि वहिनींकडे बघून जागीच थांबल्या. मी माफी मागायला लागले, तर मला म्हणाल्या की थांबू नका, भांडण चालू ठेवा. मी चालू ठेवलं. वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. श्वासही पुरेना. मग एकच धावपळ झाली. आता त्यांच्या घशात नळी आहे आणि मशीन श्वास देतंय. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, दमल्यावर तर मुळीच नाही, असं बाईंनी समजावलं. प्रत्येक वेळी विश्रांती झाल्यावर तपासलं, म्हणून कुणाला काही दिसलं नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा झाला. मला तो नको आहे. पत्र मिळताच नीघ.

तुझ्या अक्काची नणंद

ता. २९ जून

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास, तेवढ्यात अर्ध्या नर्सांना गाडी शिकवायचं कबूल करून गेलास, हे इथे रोज ऐकते. नळी निघाली. गोळी घेतली की काही वेळ मी राणी असते, त्या वेळात हे लिहिते. आजार जायचा नाही, पण मुठीत राहील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याचं नाव इतकं लांब आहे की म्हणतानाच दम लागतो. भांडणाला परवानगी आहे, पण हप्त्याहप्त्याने.

तुला एक सांगायचं राहिलं. मशीनवर असताना मला बोलता येत नव्हतं, डोळे उघडत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. भेटीच्या वेळी वन्सं येऊन शेजारी बसायच्या आणि आमचं अर्धवट राहिलेलं भांडण पुढे चालवायच्या. आधी स्वतःची बाजू मांडायच्या, मग माझी. माझी मांडताना काही लपवाछपवी नाही, मी मारले असते तेच टोमणे! एकदा त्या स्वतःची बाजू मांडत होत्या आणि माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, मी हरतेय म्हणून रडतेय. त्यांनी आपलं बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि माझी बाजू घेऊन स्वतःलाच असं काही झापलं, की शेवटी नर्सने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

आम्हा दोघींवर सारखाच लोभ ठेव.

तुझी,
अक्का