वैशालीची पुसलेली बातमी

३ जुलै
मुख्याध्यापकांचा फोन. वैशालीची शोकसभा रविवारी, शाळेच्याच सभागृहात. परमुलखात लढाईच्या बातम्या देताना तोफगोळ्यात गेली पोर, महिना झाला. मुख्य भाषण माझं. 'बाई, तिला तुम्हीच घडवलंत, पेपरातही आलंय.' हो म्हणून बसले. भाषणाची भीती कधीच नव्हती. तीस वर्षं आठवी ब सांभाळली आहे मी.

४ जुलै
लिहायला बसले. आमच्या शाळेची रीत: फाटकाजवळच्या फळ्यावर रोज एकानं बातमी लिहायची, सकाळी रेडिओवर ऐकलेली. वै.ने एकदा स्वतःची लिहिली. 'पिण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर आहे. मी वर चढून पाहिलं.' नेमकी त्या दिवशी तपासणी. मी माझ्या हातानं पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं. मग वर्षभर तिला खडूला हात लावू दिला नाही. टाकी मात्र गुपचूप धुऊन घेतली.
घडवलं म्हणे. डोंबलाचं.

५ जुलै
कागलला गेले, तिच्या आईकडे. आधी त्यांना सांगायचं, मग गावाला. आक्का म्हशीची धार काढत होत्या. सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.
'ठावं हाय की. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलंतं तिनं. म्हणाली, बाईंनी पुसली, म्हंजे बातमी खरी हाय.'
रडले मी. त्यांनी चहा केला. येताना दूध दिलं बाटलीत, नको म्हणत होते तरी.

६ जुलै, शनि.
मु.अ.नी भाषण आधी वाचायला मागितलं. कबुतराच्या परिच्छेदावर लाल रेघ मारून परत. मागोमाग फोन. 'पाहुणे असतील, बाई. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे.' वै.ला तेव्हा मी हेच म्हणाले होते, शब्दन् शब्द. राग कुणावर काढू? 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला.

७ जुलै, सकाळ
सगळं वाचणार. रेघ मारलेलंसुद्धा. माइक बंद केला तर करू देत, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.
आक्कांना पहिल्या रांगेत बसवणार आहेत. परवा त्यांनी ऐकून घेतलं, पण माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांच्याकडे बघत वाचता येईल का, ते उभी राहिल्यावरच कळेल.