गाडी, गादी आणि मागचा आवाज

२ मार्च
मागून आवाज येतो. खड्. एकदाच, स्पीडब्रेकर उतरताना. रेडिओ लावला की येत नाही, म्हणजे ऐकू येत नाही. त्यामुळे जाता-येता रेडिओ लावला. एक बाई कोबीवरच्या किडीबद्दल बोलत होत्या. मन लावून ऐकलं.

घरी बोललो नाही. आमची आधीची उंच, पेटीसारखी गाडी देऊन मी ही स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा हिला दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. एक, गाडी सेकंडहँड असली तरी नव्यासारखी आहे. दोन, दारं दोनच असली तरी माणसं चार बसतात. मागे मी स्वतः बसून दाखवलं होतं. बाहेर काढायला लेकीला माझे दोन्ही हात धरून ओढावं लागलं, तो भाग वेगळा.

निश्चय: आवाज आपला आपण शोधायचा. गॅरेजवाल्याकडे जायचं नाही. यांत्रिक बुद्धी माझ्यात उपजतच आहे, आजवर तिला वाव मिळाला नाही इतकंच.

३ मार्च
ऑफिसात टॉर्कला विचारलं. त्याचं नाव वेगळं आहे, पण तो कुठलाही विषय इंजिनाच्या टॉर्कवर नेऊन संपवतो म्हणून सगळे टॉर्कच म्हणतात. आवाज काढून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकला, पुन्हा काढायला लावला. शेवटी म्हणाला, लिंक गेली. मागच्या चाकांमधल्या आडव्या दांड्याला दोन्ही टोकांना एकेक छोटी लिंक असते, ती सैल झाली की असंच वाजतं.
एवढं सोपं! उगाच घाबरलो होतो.

७ मार्च, रविवार
सकाळीच बिल्डिंगच्या तळघरातल्या आमच्या पार्किंगच्या गाळ्यात उतरलो. हिला सांगितलं, गाडी पुसायला जातो. हे काही खोटं नाही. खिशात फडकं होतं.

दोन्ही लिंका बदलल्या. हाताची तीन बोटं सोलली. काढलेल्या लिंका चांगल्या ठणठणीत दिसत होत्या, पण आतून खराब असू शकतात.

चक्कर मारली. आवाज बराच कमी झालाय. म्हणजे आहे तेवढाच आहे, पण त्यातला कर्कशपणा गेलाय.

९ मार्च
एका दाढीवाल्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणतो, चालवणाऱ्याला मागचा आवाज नेमका कुठून येतो ते कळूच शकत नाही. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून ऐकवा.

कुणाला बसवणार? हिला सांगायची सोय नाही. लेक उंच आहे, मागे बसली की गुडघे हनुवटीला लागतात. टॉर्कचं पोट दारातून आत जाणार नाही.
आई.
आई लहानखुरी आहे. शिवाय टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली. उभा जन्म कानाने नोकरी केली तिने. गाडी कंपन्यासुद्धा असा कान शोधत असतील.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, हे खरं. डॉक्टरांनी बजावलंय की इतक्यात प्रवास नको, धक्के नकोत, खाली वाकून बसणं नको. पण ते प्रवास म्हणाले. कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन परत येणं याला कुणी प्रवास म्हणत नाही.

११ मार्च
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ही दवाखान्यात कामाला, लेक कॉलेजात. आईला म्हटलं, चल, तुला जरा हवा खायला नेतो. आई काही न विचारता चप्पल घालून उभी राहिली. महिनाभर खिडकीशी बसून कंटाळली होती बिचारी.

पुढची सीट सरकवून तिला मागे बसवताना घडीच्या छत्रीची आठवण झाली. कशीबशी बसली. तिला सांगितलं, नीट टेकून बस आणि फक्त ऐक.

शाळेजवळचा स्पीडब्रेकर. आवाजच नाही. आई म्हणाली, काहीच वाजलं नाही रे. मला वाटलं तिचं लक्ष नसेल. गाडी वळवली, जरा वेगात घेतली. तरी नाही. आता मात्र मी इरेला पेटलो. आठ दिवस जो आवाज माझं रक्त आटवतोय तो नेमका आज गप्प? पुन्हा वळवली आणि दणकून घेतली.
गाडी उडाली. आई उडाली. मग दोघी खाली आल्या.

घरी येताना आई एका बाजूला वाकून चालत होती. कंबर धरली होती. मी शेकायची पिशवी दिली, चहा करून दिला, चादर नीट केली. आई म्हणाली, पुरे आता, उठ, ती येईल.

संध्याकाळी ही आली. आईला बघताच विचारलं, काय झालं? मी सगळं सांगायला तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, काही नाही गं, काल रात्री आडवीतिडवी झोपले असेन.
मी तोंड मिटलं.

१२ मार्च
आई माझ्यासाठी खोटं बोलली. या वयात. मी काय पुण्य केलं होतं?

माझी नोकरी विम्याचे दावे तपासण्याची. दिवसभर लोकांची खोटी कारणं पकडायची. आज एका गृहस्थाची फाइल आली: झोपेत मान लचकली. सवयीने शेरा मारला, कारण पटत नाही. मग खोडला. मग साहेबांनी खोडल्याचं कारण विचारलं, तेव्हा पुन्हा तोच शेरा मारला. त्या गृहस्थाची मनातल्या मनात माफी मागितली.

जेवण गेलं नाही. म्हणजे चौथी पोळी गेली नाही.

घरी जाताना आईसाठी द्राक्षं घेतली. आवाज येत होता. खड्. मला तो आता वेगळाच ऐकू येतो. कुणीतरी मागून “काय हो?” म्हणतंय असा.

१३ मार्च
आईला डॉक्टरांकडे नेलं. टॅक्सीने. ही बरोबर होतीच. डॉक्टरांनी विचारलं, कुठे आदळलात का, गाडीत वगैरे? मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागलो. आई शांतपणे म्हणाली, छे हो, मी कशाला गाडीत बसते? झोपेत झालं.

डॉक्टर म्हणाले, गादी कसली आहे? कापसाची, ही म्हणाली, मध्ये मोठा खड्डा पडलाय. डॉक्टरांना गुन्हेगार सापडला. आजच्या आज टाकून द्या म्हणाले, घट्ट गादी घ्या. हिने माझ्याकडे पाहिलं. मी एवढ्या जोरात मान हलवली की डॉक्टरांनी माझीही मान दुखते का विचारलं.

१६ मार्च
नवी गादी आली. दोन माणसांनी उभी धरून आणली, कुठे वाकलीच नाही. दारासारखी आहे.

जुनी गादी आईने स्वतः शिवलेली. ऑपरेटर असताना रात्रपाळी करून यायची आणि तिच्यावर झोपायची. आज आईने तिच्यावरून एकदा हात फिरवला, एक सुटलेला टाका दातांनी तोडला आणि म्हणाली, न्या.
मी गुंडाळी करून खाली नेली. कचऱ्याच्या पेटीपर्यंत गेलो. हात धजावेना. गाळ्यात नेऊन ठेवली.
ही म्हणाली, टाकलीस? मी म्हटलं, सोय केली.

ज्या गादीने काही केलं नाही तिला शिक्षा झाली. ज्या गाडीने केलं ती खाली आवरण घालून उभी आहे. आणि ज्याने केलं तो वर द्राक्षं धुतोय.

निश्चय: आधी आवाजाचा निकाल लावायचा, मग हिला सगळं सांगायचं. अर्धवट माहितीवर कबुली देणं बरं नव्हे.

२१ मार्च, रविवार
टॉर्कचं आता ठाम मत आहे की लिंक नव्हतीच, बुश असणार. मागच्या चाकांच्या सांध्यांमधले रबरी तुकडे. लिंक आपण सुचवली होती हे त्याला आठवत नाही.

गाळ्यातली फरशी फार गार. गाडीखाली पाठ टेकवेना. कोपऱ्यात आईची गादी होती. घेतली. तात्पुरती. उलट, आई पाठीशी आहे असं वाटून काम नीट होईल, असा विचार केला.

बुश निघता निघेना. घण मारले. तेलाचा डबा कलंडला. गाडीवर काही सांडलं नाही, देवाची कृपा. सगळं गादीने शोषून घेतलं.

आवाज आहे.

२२ मार्च
सकाळी आई खुर्चीत बसून पेंगत होती. विचारलं, नवी गादी कशी आहे? म्हणाली, छान आहे, टेबलावर झोपल्यासारखं वाटतं.
उद्या हिला सांगणार. ठरलं.

२३ मार्च
हिचं डोकं दुखत होतं. अशा वेळी सांगणं माणुसकीला धरून नाही.

२४ मार्च
माझं दुखत होतं.

२६ मार्च
गादीवरचा डाग साबणाने धुतला. डाग पसरला. आधी ताटलीएवढा होता, आता मला त्यात एखादा खंड दिसतो, बेटांसकट. सुकल्यावर जाईल.

२८ मार्च, रविवार
लेकीला कॉलेजच्या प्रदर्शनात इमारतीचं मॉडेल न्यायचं होतं. थर्माकोलचं, तिच्या खांद्याएवढं. आधीची गाडी असती तर, असं कुणी म्हणालं नाही. मलाच ऐकू आलं. गाळ्यात तिने मागच्या सीटची पाठ पुढे पाडली आणि मॉडेल डिकीतून आडवं आत घातलं. पोचवून आलो, तशी तिने पाठ वर उचलून गुडघ्याने दाबली. खट्. म्हणाली, बाबा, ही नीट बसलीच नव्हती, आकडा लागलेला नव्हता.

मी एकटाच शाळेपर्यंत जाऊन आलो. स्पीडब्रेकर हळू घेतला, जोरात घेतला.
काही नाही. शांत.

सीटची पाठ! लिंक नाही, बुश नाही. गाडी घेतली त्याच आठवड्यात बॅगा मावतात का बघायला मीच ती पाडली होती आणि वर ढकलून दिली होती. आकड्याचं भान नव्हतं. तेव्हापासून धक्का बसला की ती आपटत होती.

त्या दिवशी आवाज आला नाही, कारण आई पाठीला टेकून बसली होती. मीच टेकायला सांगितलं होतं. आईने पहिल्याच धक्क्याला खरं सांगितलं होतं, काहीच वाजलं नाही रे. पुढचे दोन धक्के मी तिला फुकट दिले.

गाडी वळवून घरी आलो. रेडिओ लावला नाही.

२९ मार्च
सकाळी चहाच्या टेबलावर सांगून टाकलं. हिला, आईसमोर. आवाज, रजा, स्पीडब्रेकर, सगळं. म्हटलं, गादीचा काही दोष नाही, दोष माझा आहे.

ही आईकडे वळली. खरं का हो आई?
आईने बशीतला चहा संपवला. म्हणाली, काहीतरीच काय बोलतोय हा? माझा हा गुडघा, आणि मी त्या बुटक्या गाडीत मागे चढणार? चढता येईल का मला, तूच सांग.
हिने विचार केला. नाही येणार, म्हणाली.

मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, आईंची गादी परत आणायची आहे ना तुला? मग सरळ सांगायचं. त्यासाठी स्वतःवर आळ कशाला घ्यायचा? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा.

दिवसभर तो हात खांद्यावर जाणवत होता. इतकं चांगलं मला कुणी कधी समजलं नव्हतं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

३० मार्च
पुन्हा अर्धी रजा टाकली. दुपारी घरात आई आणि मीच. तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, आई, माझ्यासाठी तू किती खोटं बोललीस गं. तीनतीनदा. डोळे भरून आले होते.

आईने चष्मा काढला. म्हणाली, तुझ्यासाठी? तुझ्यासाठी कोण बोललं?
मी म्हटलं, म्हणजे?
म्हणाली, डॉक्टरांनी बजावलेलं, सूनबाईने बजावलेलं, तरी मी टुणकन गाडीत चढले. तिला कळलं असतं तर तिने मला महिनाभर जिन्यापर्यंतही जाऊ दिलं नसतं. बोलणी मी खाल्ली असती. तू त्यात कुठे आलास?
मी म्हटलं, पण मी इतके दिवस झुरतोय.
आई म्हणाली, हो का? मला वाटलं अपचन आहे. द्राक्षं फार खातोस.

वर म्हणाली, काल चहाला सगळं ओकायची काय गरज होती? थोडक्यात वाचले मी. पुढच्या वेळी काही सांगायचं असेल तर आधी मला विचार.
मग जरा वेळाने, हळूच: ही नवी गादी मला सोसत नाही. आता तुझ्या बायकोचंही मन वळलंय. माझी गादी कुठे टाकली असशील तिथून घेऊन ये.

३१ मार्च
आणली. डाग आतल्या बाजूला करून गुंडाळली होती. पण गुंडाळी कधीतरी सोडावी लागते.

ही कौतुकाने बघायला उभी होती. गादी उलगडली. तेलाचा वास खोलीभर झाला. आईने गादी उलटी केली. डाग त्या बाजूलाही होता.
ही म्हणाली, आईंच्या गादीवर तू गाडीखाली झोपत होतास? मी म्हटलं, झोपत नव्हतो, काम करत होतो. खोटं एक अक्षर बोललो नाही. फायदा झाला नाही.

आई दारासारख्या गादीवर जाऊन पडली, भिंतीकडे तोंड करून. तिला हाक मारली. तिने ऐकली नाही. कान इतके तयार असून.

जुनी गादी हॉलमध्ये टाकली आहे. तिच्यावर मी. ही म्हणाली, तूच झोप आता. गाडी खाली उभी आहे, काही वाजत नाही तिचं. गादीतला खड्डा आईच्या मापाचा आहे, माझे पाय बाहेर राहतात.